मिहान व नागपूरचे मार्ग

(१) प्रश्नाचें स्वरूप

नागपूर हें भारताच्या मध्यभागीं आहे, म्हणून तें दळणवळणाचें केंद्र झालें, हें वाक्य शाळेंतील क्रमिक पुस्तकांपासून व्यापाऱ्यांच्या सभांपर्यंत सर्वत्र ऐकूं येतें. यांतील ‘म्हणून’ या शब्दानें जो कार्यकारणभाव गृहीत धरला आहे, त्याची झडती मात्र फारशी कोणी घेत नाहीं. इ. स. २००२ मध्यें महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि शहराच्या दक्षिणेस, वर्धा मार्गाच्या अंगास, ‘मिहान’ या नांवाची प्रचंड योजना आकारास येऊं लागली. तिचाही पाया याच वाक्यावर रचलेला आहे. चार हजार हेक्टरांहून अधिक भूमि व अनेक गांवांचें भवितव्य ज्या वाक्यावर सोंपविलें गेलें, तें वाक्य पारखून पाहणें हा केवळ पांडित्याचा विषय नव्हे. म्हणून नागपूरची भूमि, तिचा इतिहास व तिच्यावरून गेलेले मार्ग या तिहींचा एकत्र विचार येथें करावयाचा योजिला आहे.

प्रारंभीं एका लोकसमजाचा परामर्श घेणें अवश्य आहे. नागपुरांतील शून्य मैलाचा स्तंभ हा देशाचा मध्यबिंदु दाखवितो, असें सर्रास सांगतात. तो स्तंभ वालुकाश्माचा असून त्याच्या जवळच १९०७ सालची, उंची मोजण्याकरितां सर्वेक्षण खात्यानें बसविलेली शिला आहे. समुद्रसपाटीपासून तिची उंची सुमारें १,०२० फूट भरते. स्तंभावर जीं अंतरें कोरलीं आहेत तीं पाहावीं : शिवनी ७९ मैल, छिंदवाडा ८३, बैतूल १०१, जबलपूर १७०, हैदराबाद ३१८. मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रास यांपैकीं एकाचेंही नांव तेथें नाहीं. देशाचा मध्य दाखविण्याचा हेतु असता तर चारी दिशांच्या महानगरांस वगळून बैतूल-शिवनीचीं अंतरें कोणी कोरलीं नसतीं. हीं खुण्याचीं दगडें मोजणीदारांच्या सोयीसाठीं बसविलीं गेलीं. त्यांवर ‘देशाची नाभि’ ही कल्पना मागाहून चढविली गेली. स्वतंत्र भारताचा भौगोलिक मध्य तर मध्यप्रदेशांत कटनी जिल्ह्यांतील करौंदी येथें मानला जातो, आणि त्या खेड्यास त्यामुळें कोणी दळणवळणाचें केंद्र म्हणत नाहीं. एवढ्यावरूनच मध्य असणें आणि केंद्र होणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें ध्यानीं यावें.

(२) भूमि

नागपूरचें खरें भौगोलिक वैशिष्ट्य देशाच्या नकाशापेक्षां जवळच्या मातींत पाहावें. पश्चिमेकडून पसरत आलेल्या काळ्या पाषाणाचा थर येथें संपत येतो. सीताबर्डीची टेकडी त्याच पाषाणाची आहे. त्याच्या पूर्वेस जुने स्फटिकयुक्त खडक लागतात, व कामठी, उमरेड या बाजूस दगडी कोळशाचे थर आहेत. पाषाण बदलला कीं माती बदलते, माती बदलली कीं पीक बदलतें. पश्चिमेस वर्धेच्या खोऱ्यांत काळी जमीन व कापूस. पूर्वेस वैनगंगेच्या खोऱ्यांत तळीं व भात. नागपूर या दोन प्रदेशांच्या सांध्यावर बसलें आहे.

पाण्याच्या वाटाही हेंच सांगतात. शहराच्या पश्चिमेकडील लाव्हा येथील टेकड्यांत उगम पावणारी नाग नदी पूर्वेकडे वाहत कन्हानेस व तिच्या द्वारें वैनगंगेस मिळते. उलट दक्षिणेस बुटीबोरीकडील ओढे वेणेस जातात व वेणा वर्धेस. वर्धा व वैनगंगा पुढें एकत्र होऊन प्राणहिता बनते व ती गोदावरीस मिळते. म्हणजे ज्या भूमीवर नागपूर व मिहान पसरलें आहे, ती दोन नद्यांच्या पाणलोटांमधील उंचवट्याची भूमि होय. अशा उंचवट्यावरून गाडीवाटेस मोठ्या नद्या थोड्या ओलांडाव्या लागतात. आणि ज्यांस परस्परांचें धान्य, मीठ व वस्त्र पाहिजे, असे दोन भिन्न प्रदेश दोहों हातांशीं असतात. निसर्गानें नागपुरास जें दिलें तें इतकेंच. तें थोडें नव्हे. परंतु तें देशाचें केंद्रत्वही नव्हे.

(३) नांवें व प्राचीन वस्ती

या भूमीवरील जुन्या वस्तीचीं चिन्हें म्हणजे महापाषाणयुगीन शिलावर्तुळें. जुनापाणी येथील वर्तुळांचा वृत्तांत एकोणिसाव्या शतकांत रिव्हेट-कार्नॅक यानें प्रसिद्ध केला. पुढें नागपूर विद्यापीठाच्या वतीनें डॉ. शां. भा. देव प्रभृतींनीं शहराच्या दक्षिणेस टाकळघाट-खापा व पश्चिमेस माहुरझरी येथें उत्खननें केलीं. त्यांत लोखंडाचीं हत्यारें व घोड्याच्या साजाचे अवशेष सांपडले. ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकांतील हे लोक अश्व बाळगणारे होते. अश्व आला कीं त्याच्या पाठोपाठ दूरची वाट आलीच.

वाकाटक काळांत या प्रांताचें नाक नागपूर येथें नव्हतें, तर रामटेकच्या परिसरांत होतें. प्रभावतीगुप्तेचा पुणें येथें सांपडलेला ताम्रपट नंदिवर्धन येथून दिलेला आहे, आणि नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचें नगरधन, हें आतां बहुमान्य आहे. म. म. वासुदेव विष्णु मिराशी यांनीं मेघदूतांतील रामगिरि तोच रामटेक होय, हें साधार प्रतिपादिलें. कालिदासाच्या मेघाचा मार्ग येथूनच उत्तरेस निघतो. त्या मार्गाचें पहिलें ठाणें नंदिवर्धनाच्या छायेंत होतें, नाग नदीच्या तीरीं नव्हे.

‘नागपूर’ हें नांव मात्र पुष्कळ जुनें आहे. वर्धा जिल्ह्यांतील देवळी येथें सांपडलेल्या, राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या शके ८६२ (इ. स. ९४०) च्या ताम्रपटांत ‘नागपुर-नंदिवर्धन’ या विषयाचा उल्लेख आहे. यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा कीं, हें नांव गोंड राजांच्या पूर्वीं साडेसातशें वर्षें प्रचलित होतें. दुसरा असा कीं, त्या काळींही नागपुराचा उच्चार नंदिवर्धनाशीं जोडून होत असे. त्या नागपुराचें स्थान आजच्या महाल भागांतच होतें, असें मात्र केवळ या ताम्रपटावरून सिद्ध होत नाहीं. नांव एके ठिकाणीं टिकतें व गांव दुसरीकडे सरकतें, ही गोष्ट स्थळनामांच्या अभ्यासकांस नवी नाहीं.

येथेंच ‘मिहान’ या नांवाचाही विचार करूं. ‘मल्टिमोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट ॲट नागपूर’ या इंग्रजी शब्दावलीचीं आद्याक्षरें जुळवून तें बनविलेलें आहे. संस्कृतज्ञास ‘मिह्’ हा सिंचनार्थक धातु आठवेल. त्याच धातूपासून ‘मेघ’ शब्द साधतात. आणि आणखी हजार वर्षांनीं कोणी व्युत्पत्तिकार मिहानाचा संबंध मेघदूताशीं जोडील, अशी भीति आहे. त्याच्या सावधगिरीसाठीं हें येथें नमूद करून ठेवितों कीं, हें नांव ना धातूचें, ना देवाचें, ना गांवाचें. त्यांत एक चमत्कार मात्र आहे : बहुविधतेचें, आंतरराष्ट्रीयत्वाचें, केंद्राचें, विमानतळाचें व नागपूरचें अक्षर त्यांत आलें, ज्या मालवाहतुकीकरितां सर्व खटाटोप, त्या ‘कार्गो’चें अक्षर तेवढें गळून गेलें.

(४) गोंड व भोसले

इ. स. १७०२ च्या सुमारास देवगडचा गोंड राजा बख्तबुलंद यानें बारा लहान वस्त्या एकत्र करून नागपूर शहर वसविलें. ‘राजापूर बारसा’ हें त्या वस्त्यांचें सामूहिक नांव परंपरेनें राखलें आहे. त्याचा उत्तराधिकारी चांद सुलतान यानें राजधानी डोंगरांतील देवगडाहून येथें आणून शहरास तट घातला व जुम्मा तलाव बांधविला. हा तलाव पुढें शुक्रवारी तलाव व आतां गांधीसागर या नांवानें ओळखला जातो. किल्ल्यापेक्षां बाजार व शेती यांस महत्त्व देणारा हा निर्णय होता. नागपूरच्या इतिहासांतील पहिलें निर्णायक पाऊल तें हेंच.

चांद सुलतान १७३९ मध्यें वारल्यावर वारसाच्या कलहांत रघूजी भोसल्यांचा प्रवेश झाला व लवकरच सत्ता त्यांच्या हातीं गेली. रघूजींच्या बंगालवरील स्वाऱ्या व १७५१ मध्यें मिळालेला ओढ्या प्रांत यांमुळें नागपूरहून रायपूर, संबळपूर व कटक यांकडे जाणारा मार्ग राजमार्ग झाला. उत्तरेस शिवनी-जबलपूरवरून मिर्झापूरकडे जाणारी वाट होती. लोहमार्ग येण्यापूर्वीं वऱ्हाड-नागपूरचा कापूस वंजाऱ्यांच्या बैलांवर लादून पांचशें मैलांवरील मिर्झापुरास जात असे, व तेथून गंगेनें कलकत्त्याकडे. परतीस मीठ व इतर माल येई. संस्कृतज्ञ म्हणून कीर्ति पावलेला कोलब्रूक हा १७९९ पासून १८०१ पर्यंत भोसल्यांच्या दरबारीं इंग्रजांचा वकील होता.

येथें एक सूक्ष्म गोष्ट लक्षांत घ्यावी. भोसलेकाळीं नागपुराची तोंडें पूर्वेस व उत्तरेस होतीं. त्याचें जवळचें बंदर म्हणजे गंगेवरील मिर्झापूर. मुंबई त्याच्या दृष्टीनें दूरचें गांव होतें. तेव्हां ‘चारी दिशांचा मध्य’ ही कल्पना त्या काळास लावणें अनैतिहासिक होय. १८१७ च्या नोव्हेंबरांतील सीताबर्डीच्या लढाईनें सत्तेची पकड सुटली, १८५३ मध्यें तिसरे रघूजी वारले, पुढील वर्षीं राज्य खालसा झालें, आणि १८६१ मध्यें मध्यप्रांताची राजधानी म्हणून नागपूर ठरलें. तेव्हांपासून तोंड फिरलें.

(५) लोहमार्गाची साक्ष

अमेरिकेंत १८६१ पासून १८६५ पर्यंत यादवी युद्ध चाललें असतां मँचेस्टरच्या गिरण्यांस कापूस मिळेना. वऱ्हाडच्या कापसाकडे सर्वांचें लक्ष वेधलें तें या कारणानें. भुसावळहून वऱ्हाड व वर्धा ओलांडून येणारा जी. आय. पी. रेल्वेचा फांटा १८६७ मध्यें नागपुरास पोंचला. त्याचा हेतु नागपुरास देशाचें केंद्र करण्याचा नव्हता. कापूस मुंबईच्या गोदीपर्यंत नेण्याचा होता.

याचें निर्विवाद प्रमाण म्हणजे १८७० साल. त्या वर्षीं मुंबई-कलकत्ता हा पहिला अखंड लोहमार्ग पुरा झाला. परंतु तो गेला इटारसी, जबलपूर व अलाहाबाद यांवरून. नागपूरवरून कलकत्त्यास जाणारी वाट तुलनेनें जवळची असूनही नागपूर बाजूस राहिलें. ज्या नगराचें केंद्रत्व निसर्गसिद्ध म्हणून सांगतात, त्या नगराशीं येऊन गाडी थांबे व परत फिरे. १८८० मध्यें नागपूर-राजनांदगांव हा छत्तीसगडाकडील मार्ग सुरू झाला, तोही मीटर रुंदीचा. त्यामुळें मुंबईकडे जाणारें धान्य नागपुरास एका डब्यांतून दुसऱ्यांत भरावें लागे. १८८७ मध्यें बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली, तिनें हा मार्ग घेऊन रुंद केला व १८९१ मध्यें तो आसनसोलपर्यंत नेला. हावड्याशीं सरळ संबंध १९०० मध्यें जुळला.

उत्तर-दक्षिणेची कथा याहूनही उशिराची आहे. इटारसी-नागपूर मार्ग १९२४ च्या सुमारास झाला, आणि काझीपेठ-बल्लारशा हा दुवा १९२९ मध्यें जोडला गेला, तेव्हांच दिल्ली-मद्रास हा सरळ मार्ग नागपूरवरून वाहूं लागला. सावनेरच्या वालुकाश्माची आजची स्थानक-इमारत १९२५ च्या जानेवारींत उघडली, ती या विस्ताराच्याच वेळची. म्हणजे पहिली गाडी आल्यापासून चौरस्ता पुरा होण्यास ६२ वर्षें लागलीं. त्यांतही पश्चिमेचा व दक्षिणेचा मार्ग नागपूरहून सुमारें ७५ किलोमीटर एकाच दिशेनें जाऊन सेवाग्रामपाशीं विभक्त होतात; काटेकोर बोलावयाचें तर चौरस्त्याचा एक कोपरा वर्धा जिल्ह्यांत आहे.

लोहमार्गानें शहराचें अंतरंग कसें बदललें, याचें उदाहरण एम्प्रेस गिरणी. जमशेटजी टाटा यांनीं मुंबईचा मोह सोडून, जेथें कापूस पिकतो व कोळसा जवळ आहे, तेथें गिरणी काढली. ती १ जानेवारी १८७७ रोजीं सुरू झाली. म्हणजे त्यांनीं नागपूर निवडलें तें देशाचा मध्य म्हणून नव्हे, तर वर वर्णिलेल्या सांध्यामुळें. ती गिरणी २००२ मध्यें बंद पडली. त्याच वर्षीं मिहानची कंपनी स्थापन व्हावी, हा योगायोग असला तरी युगांतर दाखविणारा आहे.

(६) परदेशांतील एक दृष्टांत

पोलंड देशांतील वुच नगराचा इतिहास या प्रश्नावर चांगला प्रकाश टाकतो. त्या देशाच्या भाषेंत या नांवाचा अर्थ नौका असा आहे व नगराच्या राजचिन्हांतही नौकाच आहे. परंतु तेथें नौकानयनास योग्य अशी नदी नाहीं. नांवावरून भूगोल काढणाऱ्यांनीं हें मनांत ठेवावें. देशाचा भौमितिक मध्य मानलें जाणारें प्यॉन्तेक हें गांव या नगराजवळच आहे. १४२३ मध्यें नगराचा अधिकार मिळूनही चारशें वर्षें तें खेडेंच राहिलें. १८२० मध्यें तत्कालीन शासनानें तें वस्त्रोद्योगाचें गांव म्हणून ठरविलें, तेव्हां तें वाढलें. वॉर्सा-व्हिएन्ना हा मुख्य लोहमार्ग १८४८ पर्यंत पुरा झाला, परंतु वुच त्याच्या बाजूस राहिलें. १८६५ मध्यें कारखानदारांच्या खटपटीनें कोलुश्कीपर्यंतचा फांटा झाला. १९८९ नंतर तेथील गिरण्या बसल्या. आतां देशाचे उत्तर-दक्षिण व पूर्व-पश्चिम असे दोन मोठे महामार्ग त्याच्याजवळच छेदतात, आणि २०१३ पासून चीनमधील चेंगडूहून मालगाड्या तेथें येऊं लागल्या.

कापूस, गिरणी, बाजूस राहिलेला मुख्य मार्ग, गिरण्यांचा अंत व शेवटीं मालवाहतुकीची आशा, हा क्रम वाचतांना नागपूरचाच वृत्तांत वाचतों असें वाटेल. दोन्ही नगरें मध्यांत शतकानुशतकें होतींच. तीं मोठीं झालीं मनुष्यांच्या निर्णयांनीं.

(७) रस्ते व आकाशमार्ग

रस्त्यांच्या इतिहासांत नागपूरचें नांव एका वेगळ्या कारणानें अमर आहे. १९४३ च्या डिसेंबरांत देशांतील मुख्य अभियंत्यांची परिषद येथें भरली व तिनें वीस वर्षांची रस्तेयोजना आंखली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतीय महामार्ग, जिल्हामार्ग व ग्राममार्ग हें वर्गीकरण ‘नागपूर योजना’ म्हणून प्रसिद्ध पावलें. वाराणसी-कन्याकुमारी व हजिरा-कलकत्ता हे पूर्वीचे सातव्या व सहाव्या क्रमांकाचे महामार्ग याच नगरापाशीं भेटत.

मध्य असण्याचा निखळ उपयोग एकदांच झाला, तो आकाशांत. सोनेगांवचा विमानतळ पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१७-१८ मध्यें, लष्करी विमानांसाठीं सिद्ध झाला होता. १९४९ च्या जानेवारीपासून तेथें रात्रीची विमानटपाल सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून विमानें रात्रीं निघत, नागपुरास एकत्र जमत, थैल्यांची अदलाबदल होई, व प्रत्येक विमान पहाटेच्या सुमारास आपल्या ठिकाणीं परते. चोवीस वर्षें चाललेली ही व्यवस्था १९७३ च्या ऑक्टोबरांत बंद झाली. नागपूर त्या दिवशीं देशाच्या मध्यापासून तसूभरही हललें नव्हतें. हलली होती ती व्यवस्था. याहून स्पष्ट प्रमाण कोणतें पाहिजे?

(८) मिहान

आतां मिहानाकडे वळूं. त्याची कल्पना रात्रीच्या टपालाचीच मोठी आवृत्ति आहे : जगांतील माल विमानानें येथें यावा, लोहमार्ग व महामार्ग यांनीं देशभर जावा. त्यासाठीं शिवणगांव, खापरी, तेल्हारा, दहेगांव, कलकुही, चिंचभुवन इत्यादि गांवांची भूमि घेण्यांत आली. वीस वर्षांत तेथें संगणक-उद्योगांच्या इमारती आल्या, २०१५ पासून मोठ्या विमानांच्या दुरुस्तीचें केंद्र चालूं झालें, आणि अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचें रुग्णालय ११ डिसेंबर २०२२ रोजीं राष्ट्रास अर्पण झालें. खापरी ते सीताबर्डी ही मेट्रो मार्च २०१९ मध्यें धावूं लागली. मिहानाला लागूनच असलेल्या शिवमडका येथून समृद्धि महामार्ग निघतो. त्याचा शिर्डीपर्यंतचा भाग २०२२ मध्यें व संपूर्ण ७०१ किलोमीटरांचा मार्ग ५ जून २०२५ रोजीं खुला झाला.

हें सर्व स्पृहणीय आहे. परंतु मूळ प्रतिज्ञा आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीच्या केंद्राची होती, व तें कल्पिलेल्या प्रमाणांत उभें राहिलेलें नाहीं. जें उभें राहिलें, तें मध्यवर्ती स्थानापेक्षां जमीन, सवलती, शिकलेलीं माणसें व विदर्भाची गरज यांमुळें. रुग्णालयाकडे वैनगंगेच्या व वर्धेच्या खोऱ्यांतून रोगी येतात, तेव्हां तें देशाच्या मध्याचें नव्हे, तर त्याच जुन्या सांध्याचें कार्य करितें. उलट, गांवकऱ्यांस मोबदला व पुनर्वसन यांसाठीं वर्षानुवर्षें झगडावें लागलें, हेंही या इतिहासाचें एक पान आहे. ‘स्थान अनुकूल आहे, तेव्हां फल येणारच’ या विश्वासाची किंमत ज्यांनीं दिली, त्यांचा फलांत वाटा किती, हा प्रश्न इतिहासकारानें विचारलाच पाहिजे.

(९) उपसंहार

सारांश, नागपूरच्या इतिहासांत केंद्र एके जागीं कधीं राहिलेलें नाहीं. तें नंदिवर्धनांत होतें. बख्तबुलंद व चांद सुलतान यांनीं नाग नदीच्या कांठीं आणिलें. लोहमार्गानें सीताबर्डीपाशीं ओढलें. विमानांनीं सोनेगांवास नेलें. आतां तें खापरीच्या माळाकडे सरकत आहे. प्रत्येक स्थलांतर कोणाच्या तरी निर्णयाचें व कोणत्या तरी मालाच्या मागणीचें फल आहे. भूमीनें दिलेली देणगी सांध्याची आहे. तिला केंद्र बनविणें हें नेहमीं मनुष्यकृत्य ठरलें, व म्हणूनच त्याची जबाबदारीही मनुष्यावरच येते.

संशोधकांपुढें यांतून एक तांतडीचें काम उभें राहतें. राजापूर बारशाच्या वस्त्या नगरांत विरल्या, तेव्हां त्यांचा वृत्तांत लिहून ठेवणारा कोणी नव्हता. मिहानांत गेलेल्या गांवांची गोष्ट तशी होऊं नये. त्या गांवांतील जुने सातबारे, वाजिब-उल-अर्ज, मोजणीचे नकाशे, देवळांतील शिळा, शेतांचीं व पांदणांचीं नांवें, आणि वृद्धांच्या मुखांतील आठवणी अजून मिळण्यासारख्या आहेत. तीं गोळा करून मंडळाच्या दप्तरीं ठेवण्याचें कार्य नागपूरच्या तरुण अभ्यासकांनीं हातीं घ्यावें. हजार वर्षांनीं कोणास नागपुर-नंदिवर्धनाप्रमाणें मिहान-शिवणगांव असा जोडउल्लेख कोठें सांपडला, तर त्यांतील दुसरें नांव कशाचें, हें त्यास समजलें पाहिजे.